६० गुणिले १००० किती? इंटिजर ओव्हरफ्लो आणि कंपायलरचे हिशेबनीस

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १६ बिटी मायक्रोकंट्रोलरसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहिला आहे आणि त्यात ‘६० * १०००’ हा गुणाकार तीन ठिकाणी आलाय. प्रीप्रोसेसरच्या (कंपायलरच्या आधी मजकूर चाळणारी पायरी) ‘#इफ’मध्ये तो ३२७६७ पेक्षा मोठा ठरतो. स्टॅटिक असर्टमध्ये (कंपाइल होतानाच अट तपासणारी ओळ) कंपायलर त्याची किंमत ६०००० धरतो आणि चकार शब्द काढत नाही. हेच दोन आकडे व्हेरिएबलमध्ये ठेवून प्रोग्राम चालवला की मात्र उत्तर येतं −५५३६. हा कंपायलरचा बग आहे का, हा एक प्रश्न. आणि तुम्ही स्वतः एक छोटा सी कंपायलर लिहिताय, त्यात ही भानगड होऊ नये म्हणून काय करायचं, हा दुसरा.

बग आहे, पण तुम्हाला ज्याचा संशय आला तिथे नाही. −५५३६ पाहून तुम्ही दचकलात, पण ते उत्तर कायदेशीर आहे. ‘#इफ’चं उत्तरही बरोबर आहे. चुकलंय ते मधलं, तिघांत सगळ्यात शहाणं दिसणारं ६००००.

सी भाषेत ६० चा टाइप इंट (साधा पूर्णांक), १००० चा टाइप इंट, म्हणून गुणाकाराचाही टाइप इंट. उत्तर पुढे कुठे वापरलं जाणार आहे याकडे भाषा ढुंकूनही बघत नाही. तुमच्या टार्गेटवर, म्हणजे प्रोग्राम ज्यावर चालणार त्या मशीनवर, इंट १६ बिटांचा, म्हणजे कमाल ३२७६७. प्रोग्राम चालताना साइन्ड ओव्हरफ्लो झाला, म्हणजे चिन्ह असलेल्या आकड्याचं उत्तर त्याच्या टाइपमध्ये मावलं नाही, तर ते अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे परिणाम काय हे भाषेने ठरवलेलंच नाही, मग काहीही झालं तरी कंपायलरला बोल लावता येत नाही. इथे मशीनने वरचे बिट टाकून दिले आणि ६०००० वजा ६५५३६ म्हणजे −५५३६ उरले, एवढंच. पण जिथे भाषेलाच कॉन्स्टंट एक्स्प्रेशन (कंपाइल होतानाच किंमत कळणारी राशी) हवं असतं, म्हणजे स्टॅटिक असर्ट, केस लेबल, ईनमची किंमत, बिटफील्डची रुंदी, तिथे सीच्या मानकात वेगळा नियम आहे: कॉन्स्टंट एक्स्प्रेशनची किंमत त्याच्या टाइपच्या मर्यादेत बसलीच पाहिजे. हा नियम ‘बंधन’ या वर्गात मोडतो, आणि बंधन मोडलं की कंपायलरने तोंड उघडलंच पाहिजे. एरर द्यायलाच हवी असं नाही, वॉर्निंग दिली तरी मानकाचं समाधान होतं. म्हणून बग रिपोर्ट करण्याआधी तुमची बिल्ड स्क्रिप्ट वॉर्निंग गिळत नाही ना, हे तपासा. मी अशा किमान चार तक्रारी पाहिल्या आहेत जिथे कंपायलर बिचारा ओरडत होता आणि कुणीतरी वर्षांपूर्वी त्याचं तोंड एका फ्लॅगने बांधून ठेवलं होतं.

‘#इफ’चं काय? प्रीप्रोसेसरला इंट, शॉर्ट, लाँग काही कळत नाही. सी ९९ पासून तिथले सगळे साइन्ड आकडे त्या अंमलबजावणीतल्या सर्वांत रुंद इंटिजर टाइपमध्ये मोजले जातात, म्हणजे किमान ६४ बिट. त्याआधीच्या सी ८९ मध्ये लाँग वापरायचे, म्हणजे किमान ३२ बिट. दोन्हींत ६०००० सुखाने बसतात.

आता मुद्द्यावर येतो. एका कंपायलरमध्ये आकडेमोड करणारा एकच कुणीतरी बसलाय असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हिशेबनीस तीन-चार असतात. प्रीप्रोसेसरचा एक. फ्रंट-एंडचा, म्हणजे सोर्स वाचून समजून घेणाऱ्या भागाचा, दुसरा, जो टाइप बघून कॉन्स्टंट एक्स्प्रेशन सोडवतो. कोड वेगवान करणाऱ्या ऑप्टिमायझरचा तिसरा, जो ‘हे दोन्ही आकडे मला माहीत आहेत, आत्ताच गुणून टाकतो’ म्हणत कॉन्स्टंट फोल्डिंग करतो. काही ठिकाणी चौथा असेंबलरमध्ये असतो, त्याला सीचे टाइप ठाऊकच नसतात. आणि या सगळ्यांच्या पलीकडे खरं टार्गेट मशीन. प्रत्येकाची वही वेगळी, रुंदी वेगळी, नियम वेगळे. ओव्हरफ्लो होत नाही तोवर सगळ्यांची उत्तरं जुळतात, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला काही कळत नाही. सीमेवरचा आकडा आला की बिंग फुटतं.

तुम्ही वापरताय त्या कंपायलरमध्ये बहुधा दुसऱ्या हिशेबनीसाने घोळ घातलाय. क्रॉस-कंपायलर (एका मशीनवर चालून दुसऱ्यासाठी कोड बनवणारा) लिहिताना हमखास होणारी चूक म्हणजे टार्गेटचा इंट १६ बिटांचा असला तरी कंपायलर ज्या मशीनवर चालतोय तिथल्या लाँगमध्ये गुणाकार करून मोकळं होणं. ६४ बिटी डब्यात ६०००० मावले, ओव्हरफ्लो झालाच नाही, मग वॉर्निंग कोण देणार? प्रत्येक पायरीनंतर टार्गेटच्या रुंदीला छाटणं आणि छाटताना काही सांडलं का हे बघणं, ही दोन्ही कामं राहून गेली.

सगळ्या विचित्र उत्तरांचं खापर कंपायलरवर फोडू नका, हेही सांगतो. अनसाइन्ड शॉर्टमधले ६५५३५ गुणिले ६५५३५ घ्या. दोन्ही बाजू अनसाइन्ड, तेव्हा ओव्हरफ्लोची भीती नाही असं वाटतं. पण ३२ बिटी इंट असलेल्या मशीनवर दोघांचं आधी साइन्ड इंटमध्ये प्रमोशन (आपोआप रूपांतर) होतं आणि ४२९४८३६२२५ हे उत्तर २१४७४८३६४७ च्या पलीकडे जातं. म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर. गंमत अशी की १६ बिटी इंटच्या मशीनवर इंटमध्ये ६५५३५ मावत नाहीत, म्हणून प्रमोशन अनसाइन्ड इंटमध्ये होतं आणि उत्तर निर्विवादपणे १ येतं. एकच ओळ, लहान मशीनवर सुरक्षित, मोठ्यावर धोक्याची.

तसंच ‘−२१४७४८३६४८’. सीमध्ये ऋण आकड्याचं लिटरल नसतंच. आधी २१४७४८३६४८ हा धन आकडा वाचला जातो, तो ३२ बिटी इंटमध्ये बसत नाही म्हणून मोठा टाइप घेतो, आणि मग त्याला उणे चिन्ह लागतं. सी ८९ आणि ३२ बिटी लाँग असेल तर तो अनसाइन्ड लाँग होतो, आणि उणे लावूनही धनच राहतो! म्हणून हेडर फाइलमध्ये इंटची किमान किंमत ‘−२१४७४८३६४७ − १’ अशी वाकड्या वाटेने लिहिलेली सापडते. तुमच्या कंपायलरचा लेक्सर (सोर्सचे टोकन, म्हणजे सुटे तुकडे, पाडणारा भाग) उणे चिन्ह आणि आकडा एकाच टोकनमध्ये ओढत असेल तर तो मोह आजच सोडा. ताळा सोपा आहे: सी ९९ च्या नियमांनी, ३२ बिटी इंट आणि ६४ बिटी लाँग असताना ‘−२१४७४८३६४८’ चा साइझऑफ ८ यायला हवा. ४ आला तर लेक्सर चुकतोय.

आणि २००७ साली जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरच्या बगझिलात (तक्रारींच्या नोंदवहीत) नोंदवलेली ती गाजलेली तक्रार, क्रमांक ३०४७५. ‘अ + १०० > अ’ ही ओव्हरफ्लोची तपासणी ऑप्टिमायझरने ‘नेहमीच खरी’ म्हणून उडवून लावली, असं तक्रारदाराचं म्हणणं होतं. बरीच वादावादी झाली, पण ती तक्रार बग म्हणून स्वीकारली गेली नाही. साइन्ड ओव्हरफ्लो होणारच नाही असं गृहीत धरायचा हक्क भाषेनेच कंपायलरला दिला आहे. तो हक्क तुम्हाला द्यायचा नसेल तर ‘-एफरॅपव्ही’ हा फ्लॅग आहे, तो लावला की ओव्हरफ्लो झालेला आकडा गुंडाळला जातो. मला वैयक्तिक विचाराल तर एम्बेडेड कामात मी तो सरसकट लावतो आणि झोप नीट लागते.

आता खऱ्या बगांकडे. यातला माझा आवडता प्रकार म्हणजे कंपायलर स्वतःच कोसळणं. सर्वांत लहान ऋण आकड्याला −१ ने भागायचं. टूज कॉम्प्लिमेंटमध्ये (ऋण आकडे साठवायची नेहमीची पद्धत) ऋण बाजू एकाने लांब असते, म्हणून उत्तर बसत नाही. एक्स-८६ वर भागाकाराची सूचना अशा वेळी शून्याने भागल्यासारखाच ट्रॅप देते, म्हणजे प्रोग्राम तिथेच तोडते. आता कल्पना करा, हा भागाकार तुमच्या सोर्स कोडमध्ये कॉन्स्टंट म्हणून लिहिलाय आणि ऑप्टिमायझर तो स्वतःच्या ६४ बिटी साइन्ड टाइपमध्ये जसाच्या तसा करायला गेला. तुमचा प्रोग्राम चालायच्या आधी कंपायलरच गारद. बाकी काढली तरी तेच. गणिताने बाकी शून्य आहे, पण एक्स-८६ ची सूचना भागाकार आणि बाकी एकदमच काढते, त्यामुळे बाकी मागितली तरी ट्रॅप. सी ११ ने म्हणूनच स्पष्ट लिहिलं की भागाकार मावत नसेल तर बाकीही अनडिफाइन्ड. बॅश शेलच्या जुन्या आवृत्त्या −९२२३३७२०३६८५४७७५८०८ ला −१ ने भागायला सांगितलं की याच कारणाने मरायच्या, आणि तो तर कंपायलरही नाही.

यात एक बारकावा आहे जो मला फार उशिरा कळला. टार्गेट ३२ बिटी आणि कंपायलरची वही ६४ बिटी असेल तर हा बग दिसतच नाही. −२१४७४८३६४८ भागिले −१ हे २१४७४८३६४८ म्हणून ६४ बिटांत आरामात मावतं, कोसळत काही नाही, फक्त चुकीचं उत्तर गुपचूप पुढे सरकतं. कोसळणं दिसतं ते टार्गेटचा आकडाही ६४ बिटी असेल तेव्हाच. म्हणजे ‘३२ बिटांवर टेस्ट पास झाली’ याला या प्रांतात काडीचा अर्थ नाही.

दुसरा बारकावा: कंपायलर कोणत्या मशीनवर बिल्ड केलाय त्यावर वागणं बदलतं. ६४ बिटी एआरएमवर हाच भागाकार ट्रॅप देत नाही, मूळ आकडाच परत देतो. शून्याने भागलं तर शून्य देतो. रिस्क-फाइव्हमध्ये शून्याने भागल्यावर सगळे बिट १ येतात. मी एकदा तीन दिवस एका क्रॉस-कंपायलरच्या मागे घालवले. एक्स-८६ च्या बिल्ड सर्व्हरवर तो कोसळायचा, आणि माझ्या टेबलावरच्या एआरएम मशीनवर तीच फाइल बिनबोभाट पास. सोर्स तोच, आवृत्ती तीच. शेवटी लक्षात आलं की फोल्डिंगच्या कोडमध्ये भागाकाराआधी शून्याची तपासणी होती, −१ ची नव्हती. दोन ओळींची दुरुस्ती, तीन दिवसांची शोधाशोध.

शिफ्टचंही तसंच. ३२ बिटी आकडा ३२ ने डावीकडे सरकवला तर एक्स-८६ सरकवण्याच्या आकड्याचे खालचे पाचच बिट बघतं, म्हणजे शून्याने सरकवतं आणि १ चा १ च राहतो. ३२ बिटी एआरएमवर, सरकवायचा आकडा रजिस्टरमधून आला तर, उत्तर शून्य. आणि ६४ बिटी वहीत मोजून मग छाटणारा फोल्डरही (कॉन्स्टंट फोल्डिंग करणारा कोड) शून्य म्हणतो. भाषेच्या दृष्टीने हे सगळं अनडिफाइन्ड, तेव्हा फरक असणं हा बग नाही; पण कॉन्स्टंट एक्स्प्रेशनमध्ये गप्प बसणं मात्र चांगल्या कंपायलरला शोभत नाही.

मोठ्या कंपायलरांनी या दुखण्यावर एकच औषध घेतलंय: होस्टच्या, म्हणजे कंपायलर स्वतः चालतो त्या मशीनच्या, आकड्यांवर विश्वासच ठेवायचा नाही. एलएलव्हीएम या कंपायलर बनवायच्या संचात एपीइंट नावाचा स्वतःचा आकड्यांचा प्रकार आहे, ज्याला रुंदी सांगावीच लागते. त्यात ‘बेरीज कर आणि ओव्हरफ्लो झाला का ते वेगळं सांग’ अशी फंक्शनं आहेत. जीसीसी पूर्वी होस्टचे दोन शब्द जोडून काम भागवायचा. २०१४ मध्ये त्याजागी वाइड-इंट आलं, त्यातही रुंदी आणि चिन्ह स्पष्ट द्यावं लागतं. तुमच्या छोट्या कंपायलरसाठी एवढा बडेजाव नको. होस्टवर बेरीज, वजाबाकी, गुणाकार अनसाइन्ड ६४ बिटांत मोजा (अनसाइन्डला ओव्हरफ्लो नसतो, तो नियमाप्रमाणे गुंडाळला जातो), मग टार्गेटच्या रुंदीला छाटा, चिन्ह पसरवा, आणि ओव्हरफ्लो झाला का हे वेगळ्या बूलमध्ये (खरं की खोटं एवढंच सांगणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवा. एकच काळजी: टार्गेटचा टाइपही ६४ बिटी असेल तर छाटून काही कळणार नाही, तिथे गुणाकाराआधीच भागाकाराने मर्यादा तपासावी लागते.

त्या बूलवर थोडं थांबतो, कारण माझ्या मते अर्धे बग तिथे आहेत. कॉन्स्टंट एक्स्प्रेशन सोडवल्यावर हातात दोन गोष्टी यायला हव्यात: किंमत, आणि ती मिळवताना काय घडलं याची खूण. जीसीसीच्या आत ही खूण कॉन्स्टंटच्या नोडवरच लावलेली असते, ट्री-ओव्हरफ्लो नावाची. अशी खूण दोन प्रकारे दगा देते.

एक म्हणजे ती हरवते. ‘(२१४७४८३६४७ + १) * ०’ बघा. कुणीतरी हुशारीने ‘काहीही गुणिले शून्य म्हणजे शून्य’ हा नियम आधी लावला की आतला ओव्हरफ्लो कुणाला दिसलाच नाही. शून्यच तर आलं, काय बिघडलं, असं वाटेल. बिघडतं असं की सीमध्ये शून्य किंमतीचं इंटिजर कॉन्स्टंट एक्स्प्रेशन म्हणजे नल पॉइंटर कॉन्स्टंट, कुठेच न नेणारा पत्ता. एखादी राशी खरोखर कॉन्स्टंट एक्स्प्रेशन आहे, की फक्त फोल्ड होऊन शून्य झालीये, यावरून टर्नरी ऑपरेटरच्या (‘अट ? हे : ते’) उत्तराचा टाइप बदलतो. लिनक्स कर्नलमध्ये २०१८ साली आलेला ‘इज-कॉन्स्टएक्स्प्र’ मॅक्रो याच खाचेवर उभा आहे: दिलेल्या राशीला शून्याने गुणायचं, पॉइंटर करायचा आणि टाइप काय निघतो ते बघायचं. म्हणजे जो फरक पुस्तकी वाटतो, त्यावर रोजचा चालता कोड टेकलेला आहे. ‘फोल्ड करता येतं’ आणि ‘कॉन्स्टंट एक्स्प्रेशन आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं जीसीसीलाही नीट जमलं ते ४.५ या आवृत्तीत, २०१० साली. तेव्हा तुमच्याकडून पहिल्या फटक्यात राहिलं तर वाईट वाटून घेऊ नका.

दुसरा दगा म्हणजे खूण नको तिथे चिकटते. ‘० && (२१४७४८३६४७ + १)’ मध्ये उजवी बाजू सोडवायचीच नाहीये. ‘१ ? ५ : १ / ०’ मध्येही तेच. हिशेबनीसाने आधी दोन्ही फांद्या सोडवल्या आणि मग एक निवडली, तर न चालणाऱ्या फांदीची वॉर्निंग किंवा एरर बाहेर येते आणि चांगला कोड नाकारला जातो. हे मुद्दाम कुणी लिहितं का? लिहितात तर! मॅक्रोमधून ‘रुंदी ३२ पेक्षा मोठी असेल तर हे, नाहीतर ते’ असं लिहिलं की न चालणाऱ्या फांदीत हमखास ओव्हरफ्लो असतो. जीसीसीचं फ्रंट-एंड यासाठी एक काउंटर ठेवतं: न चालणाऱ्या भागात शिरताना वाढवायचा, बाहेर पडताना कमी करायचा, शून्याच्या वर असेल तोवर वॉर्निंग द्यायच्या नाहीत. सोपी युक्ती आहे, पण एरर येऊन मधूनच परतायची वाट असेल तर काउंटर कमी करायचा राहतो, आणि पुढच्या सगळ्या फाइलभर वॉर्निंग मुक्या होतात. मी स्वतः हे करून बसलोय.

जाता जाता, या क्षेत्रात ‘आयसीई’ या तीन अक्षरांचे दोन अर्थ आहेत: इंटिजर कॉन्स्टंट एक्स्प्रेशन, आणि इंटर्नल कंपायलर एरर. बग रिपोर्टच्या शीर्षकात ‘आयसीईमध्ये आयसीई’ असं लिहायचा मोह आवरा.

ईनममधला ओव्हरफ्लो हा चुकून विसरला जाणारा कोपरा. पहिल्या नावाला इंटची कमाल किंमत दिली आणि दुसऱ्याला काहीच दिली नाही, तर तिथे ‘अधिक १’ लपलेलं आहे. सोर्समध्ये बेरजेचं चिन्ह नाही, म्हणून बेरजेची तपासणी करणाऱ्या कोडमधून ते जातच नाही. सी २३ मध्ये अशा वेळी मोठा टाइप घ्यायची मुभा आली, त्याआधीच्या नियमांत ते बंधनाचं उल्लंघन होतं. दोन्ही मोड सांभाळणार असाल तर इथे दोन वाटा लागतील.

ऑप्टिमायझरमधले बग मात्र वेगळ्या जातीचे. तिथे दिलेला प्रोग्राम निर्दोष असतो आणि ओव्हरफ्लो कंपायलर स्वतः जन्माला घालतो. उदाहरण कागदावर करून बघा. ‘(क्ष + २१४७४८३६४७) + १०’, आणि क्ष आहे −१०. आधी २१४७४८३६३७, मग २१४७४८३६४७. कुठेही ओव्हरफ्लो नाही. ऑप्टिमायझर म्हणतो, दोन कॉन्स्टंट एकत्र करू. २१४७४८३६४७ अधिक १० हे ३२ बिटांत गुंडाळून −२१४७४८३६३९ होतं. आता ‘क्ष + (−२१४७४८३६३९)’. बिटांच्या पातळीवर उत्तर तेच येईल. पण एलएलव्हीएममध्ये बेरजेवर ‘साइन्ड ओव्हरफ्लो होणार नाही’ असा शिक्का असतो, आणि दोन बेरजांची एक करताना तो शिक्का तसाच पुढे नेला, तर कंपायलरने स्वतःलाच खोटं सांगितलं. पुढची पायरी तो शिक्का वाचते आणि म्हणते: ऋण आकडा मिळवलाय, ओव्हरफ्लो नाही, म्हणजे उत्तर क्ष पेक्षा लहानच. ती तुलना ‘खरी’ म्हणून गोठवली जाते. प्रत्यक्षात २१४७४८३६४७ हे −१० पेक्षा लहान नाहीत. इथे चूक एका पायरीत, परिणाम तिसऱ्याच पायरीत, आणि मधली पायरी निर्दोष. पाणी कुठे मुरतंय ते शोधायला आठवडा जातो.

याच घराण्यातले आणखी दोन. ‘क्ष वजा किमान’ (किमान म्हणजे टाइपमधला सर्वांत लहान आकडा) याचं ‘क्ष अधिक (उणे किमान)’ करणं: किमान आकड्याचं उणे परत किमानच येतं, त्यामुळे तो शिक्का इथेही ठेवता येत नाही. एलएलव्हीएम त्या एका किमतीला वगळूनच शिक्का पुढे नेतो. आणि ‘क्ष भागिले किमान’: किमान आकड्याचे बिट बघितले तर एकच बिट पेटलेला, म्हणजे तो ‘दोनाचा घात’ वाटतो. भागाकाराऐवजी ३१ ने शिफ्ट करायचा मोह होतो. खरं उत्तर फक्त क्ष स्वतः किमान असेल तेव्हा १, नाहीतर शून्य. दोनाचा घात ओळखणारं फंक्शन साइन्ड आणि अनसाइन्ड दोघांसाठी एकच वापरू नका.

सी++ मध्ये या सगळ्याला जास्त धार येते. सी++ ११ पासून कॉन्स्टएक्स्प्र आलं आणि नियम ठरला की कॉन्स्टंट एक्स्प्रेशन सोडवताना अनडिफाइन्ड बिहेवियर भेटलं तर ते कॉन्स्टंट एक्स्प्रेशनच नाही. त्यातून टेम्पलेटच्या निवडीवर परिणाम होतो: ओव्हरफ्लो झाला तर ती निवड एरर न देता बाद होते आणि दुसरं फंक्शन घेतलं जातं. म्हणजे कंपायलरने एक ओव्हरफ्लो पकडायचा सोडला तर वॉर्निंग हुकत नाही, प्रोग्रामच वेगळा बनतो. शिवाय नियम हलते आहेत. ‘१ << ३१’ ३२ बिटी इंटवर सी++ ११ च्या मूळ मजकुरात बसत नव्हतं, सी++ १४ मध्ये चालवून घेतलं, सी++ २० मध्ये टूज कॉम्प्लिमेंट सक्तीचं झाल्यावर डावा शिफ्ट पूर्णच व्याख्येत आला. सीमध्ये मात्र ते सी २३ मध्येही अनडिफाइन्डच आहे. सी २३ नेही टूज कॉम्प्लिमेंट सक्तीचं केलं, पण साइन्ड ओव्हरफ्लोला हात लावला नाही. अनेकांना हे उलटं वाटतं, म्हणून सांगितलं.

इतर भाषांनी हा गुंता कसा टाळला ते बघण्यासारखं आहे. गोमध्ये टाइप न दिलेल्या कॉन्स्टंटना अमर्याद अचूकता मानली आहे, अंमलबजावणीने किमान २५६ बिट द्यायलाच हवेत, आणि टाइपमध्ये न मावणारा कॉन्स्टंट सरळ एरर. सी शार्पमध्ये चालत्या प्रोग्रामची आकडेमोड सहसा न तपासता होते, पण कॉन्स्टंट एक्स्प्रेशन तपासलं जातं. जावाने सगळीकडेच गुंडाळायचं ठरवलं, त्यामुळे तिथे २४ * ६० * ६० * १००० * १००० निमूटपणे ५००६५४०८० होतं. मला गोची वाट पटते. जावाची वाट सुसंगत आहे, पण सुसंगतपणे चुकवते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा उरलेला भाग, टेस्टिंग. रँडम प्रोग्राम बनवणारी साधनं वापरा असं कुणीही सांगेल, आणि ती भारीच आहेत. सीस्मिथ या अशाच एका साधनाने २०११ च्या शोधनिबंधापर्यंत वेगवेगळ्या कंपायलरांत ३२५ हून अधिक बग शोधले होते. पण आपल्या विषयासाठी त्याला एक अडचण आहे. त्याने बनवलेला प्रोग्राम निर्दोष असावा लागतो, म्हणून तो प्रत्येक बेरीज-गुणाकार सुरक्षित फंक्शनमध्ये गुंडाळतो. ओव्हरफ्लोच्या रेषेपलीकडे तो पाऊलच टाकत नाही. आणि आपले फ्रंट-एंडचे बग तर नेमके त्या रेषेपलीकडे, जिथे बरोबर उत्तर म्हणजे एक वॉर्निंग असते.

म्हणून मी वेगळं करतो. फोल्डरमध्ये रुंदी हा पॅरामीटर ठेवतो आणि त्याला ४ बिटांवर चालवतो. ४ बिटांत १६ किमती, म्हणजे प्रत्येक क्रियेसाठी फक्त २५६ जोड्या. सगळ्याच तपासा, साध्या गणिताशी ताडून: खरं उत्तर −८ ते ७ मध्ये आहे का, नसेल तर खूण लागली का, छाटलेली किंमत बरोबर का. किमान भागिले −१, शिफ्टच्या कडा, सगळं यात आपोआप येतं, काही विसरायला जागा राहत नाही. मग तोच कोड ६४ बिटांवर फक्त कडेच्या किमतींनी: शून्य, १, −१, कमाल, किमान आणि त्यांचे शेजारी. कंपायलरचं स्वतःचं बायनरी अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर लावून बिल्ड करा. फोल्डरने आतून स्वतःच ओव्हरफ्लो केला तर तो तिथेच चुगली करेल.

दुसरी टेस्ट तुमच्या प्रश्नातच दडलेली आहे. एकच राशी ईनममध्ये, ग्लोबलच्या इनिशियलायझरमध्ये, स्टॅटिक असर्टमध्ये आणि व्होलाटाइल (कंपायलरला किंमत आधीच धरता येत नाही अशा) व्हेरिएबलमधून चालत्या प्रोग्राममध्ये टाका. ओव्हरफ्लो नसेल तर चारही ठिकाणी उत्तर एक यायला हवं. ओव्हरफ्लो असेल तर पहिल्या तिन्ही ठिकाणी बोलणं ऐकू यायला हवं, आणि चौथ्याकडे लक्ष द्यायचं नाही.

आता तुमच्या हातातल्या कंपायलरचं. कोडमध्ये ‘६०एल * १०००’ लिहून काम पुढे न्या, त्यासाठी दुरुस्तीची वाट बघू नका. रिपोर्ट पाठवताना −५५३६ चा उल्लेखही करू नका, नाहीतर पहिल्याच उत्तरात ‘हे अनडिफाइन्ड आहे’ म्हणून तक्रार बंद होईल. फक्त स्टॅटिक असर्टची एक ओळ, टार्गेटच्या इंटची रुंदी, आणि वॉर्निंग आली नाही एवढंच लिहा. शक्य असेल तर आणखी एक प्रयोग करून त्याचा निकाल जोडा. तुमच्या टार्गेटवर लाँग ३२ बिटी असेल, तर ‘६५५३६एल * ६५५३६एल’ स्टॅटिक असर्टमध्ये शून्याशी ताडून बघा, त्याच आवृत्तीच्या लिनक्स आणि विंडोज अशा दोन्ही ६४ बिटी बिल्डवर. लिनक्सवर होस्टचा लाँग ६४ बिटी असतो, विंडोजवर ३२ बिटी. दोन ठिकाणी दोन उत्तरं आली, तर फोल्डर होस्टच्या लाँगमध्ये मोजतोय हे वेगळं सिद्ध करायची गरज उरत नाही.